प्लेगची वाकडी रेघ

१९०० सालच्या २९ मे रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या चायनाटाउनला पोलिसांनी वेढा घातला. शहरात प्लेग शिरला आहे, असं आरोग्य मंडळाचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं. पण वेढ्याची रेघ सरळ नव्हती. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांपैकी चिनी माणसाचं घर आत आणि गोऱ्या माणसाचं बाहेर, अशी वळणं घेत ती गेली होती. स्टॉक्टन स्ट्रीटवर जू हो नावाचा चिनी किराणा दुकानदार राहत होता. माझ्या घरात प्लेगचा रोगी नाही, आसपासही नाही, मग मलाच का कोंडलं, असं विचारत तो थेट संघराज्याच्या न्यायालयात गेला.

प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसूमधून माणसाकडे येतो. चिनी घर संपून गोऱ्याचं घर सुरू झालं की मागे फिरायचं, हे त्या पिसूला सांगायला कोणी गेलं नव्हतं. ती रेघ आखणारे अधिकारी अडाणी नव्हते. त्यांच्यात उत्तम शिकलेले जंतुशास्त्रज्ञ होते. म्हणूनच हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. वंशभेद म्हटलं की शिव्या देणारा, हात उगारणारा एखादा दुष्ट माणूस आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण कायदे, नगररचना, भाडेकरार आणि खात्यांच्या फायली यांतच वंशभेद मुरलेला असतो, तेव्हा तो चालवायला दुष्ट माणसाची गरज उरत नाही. साथ आली की सरकार घाईत असतं, आणि घाईत असलेलं सरकार आधीपासून पडलेल्या चाकोरीतूनच जातं.

तो प्लेग आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. १८९४ मध्ये तो हाँगकाँगमध्ये भडकला, तिथेच अलेक्झांद्र येर्सिन यांनी त्याचा जिवाणू शोधला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात, मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढचं आपल्याला ठाऊक आहे. फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, पुण्यात रँडच्या पथकांची घरझडती, २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी झाडलेल्या गोळ्या, टिळकांचा तुरुंगवास. याच साथीत लोकांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. हिंदुस्थानात या प्लेगने पुढच्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसं नेली.

मुंबईतच भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची पहिली लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतली. पुढे तीन वर्षांनी ही लस पॅसिफिक महासागराच्या पलीकडे एका वेगळ्याच कामासाठी वापरली जाणार होती. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमों यांनी पिसूचा संबंध दाखवला, पण बहुतेक डॉक्टरांनी तो मानला नाही. जमिनीतला ओलावा, घाण, कोंदट हवा आणि ‘घाणेरडी माणसं’ यांच्याकडेच सगळ्यांचं बोट होतं. मुंबईत गटारांतून कार्बोलिक ॲसिड सोडलं गेलं. त्याने उंदीर बिळांतून उठून शेजारच्या घरांत शिरले.

आता सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनकडे येऊ. जेमतेम बारा-पंधरा चौकांच्या त्या वस्तीत दहा हजारांहून अधिक माणसं राहत होती. ही दाटी आली कुठून? गोरे नागरिक म्हणत, चिनी माणसाला असंच राहायला आवडतं. पण खरं कारण कायद्यांच्या क्रमात दिसतं. १८७५ च्या कायद्याने चिनी बायकांचं अमेरिकेत येणं जवळजवळ बंद झालं, त्यामुळे वस्तीत एकटे पुरुष उरले. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झाली आणि चिनी माणसाला नागरिकत्वही मिळणार नाही हे पक्कं झालं. चायनाटाउनबाहेर खोली मागायला गेलं तर मारहाण व्हायची. आतल्या इमारतींपैकी अनेकांचे मालक गोरे होते. भाडं भरपूर घ्यायचं आणि दुरुस्ती करायची नाही, हा त्यांचा धंदा.

त्यावर कडी म्हणजे १८७० चा शहराचा एक नियम. प्रत्येक प्रौढ माणसामागे खोलीत ५०० घनफूट हवा असलीच पाहिजे, असं त्यात होतं. कागदावर हा आरोग्याचा नियम. अंमल मात्र चायनाटाउनमध्ये, आणि पकडलं जायचं ते भाडेकरूंना. दंड भरण्याऐवजी चिनी माणसं तुरुंगात जाऊन बसू लागली, तेव्हा शहराने १८७६ मध्ये दुसरा नियम केला: कैद्याचे केस एक इंच ठेवून कापायचे. चिनी पुरुषाची वेणी कापणं म्हणजे त्याची अब्रू घेणं, हे माहीत असूनच तो केला होता. १८७९ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. त्याच १८७६ साली शहरात देवीची साथ आली आणि शहराच्या आरोग्याधिकाऱ्याने तिचं खापर चिन्यांवर फोडलं.

म्हणजे प्लेग यायच्या पंचवीस वर्षं आधीपासून हे चक्र फिरत होतं. माणसांना कायद्याने एका जागी कोंबायचं, कोंबल्यामुळे आलेल्या दाटीला त्यांचा स्वभाव म्हणायचं, आणि त्या स्वभावाचा पुरावा म्हणून रोगाकडे बोट दाखवायचं. भात खाणारे आशियाई लोक प्लेगला लवकर बळी पडतात, असं मानणारे डॉक्टरही त्या काळी होते. या चक्राला १९०० मध्ये फक्त एक खरा रोगी मिळायचा होता.

तो ६ मार्चला मिळाला. एका हॉटेलच्या तळघरात एका चिनी मजुराचं प्रेत सापडलं, जांघेत गाठी सुजलेल्या. प्रयोगशाळेचा निकाल यायच्या आत, दुसऱ्या दिवशी पहाटे, दोर बांधून चायनाटाउन बंद करण्यात आलं. आत अडकलेल्या गोऱ्यांना बाहेर जाऊ दिलं, चिन्यांना नाही. गोऱ्या घरांतल्या चुली थंड पडल्या, कारण त्यांचे स्वयंपाकी चिनी होते, अशी तक्रारही झाली. दोन-तीन दिवसांत वेढा उठला. त्यानंतर प्रयोगशाळेतली जनावरं प्लेगने मेली आणि निदान पक्कं झालं.

निदान करणारे जोसेफ किनयून मोठे शास्त्रज्ञ होते. अमेरिकेच्या आजच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं मूळ असलेली प्रयोगशाळा त्यांनी १८८७ मध्ये सुरू केली होती. शहरात प्लेग आहे हे ते ठामपणे सांगत राहिले आणि ते बरोबर होते. त्यांचा उपाय मात्र वंशावर बेतलेला होता. त्यांचे वरिष्ठ, सर्जन जनरल वॉल्टर वायमन यांच्या योजनेप्रमाणे मे महिन्यात चायनाटाउनमध्ये सरसकट हाफकिनची लस टोचायची ठरली. पाठोपाठ हुकूम निघाला: लस टोचल्याचा दाखला नसेल तर चिनी किंवा जपानी माणसाला शहर सोडता येणार नाही. राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या संमतीने केंद्र सरकारनेही आशियाई आणि प्लेगला विशेष बळी पडणाऱ्या वंशांच्या लोकांना दाखल्याशिवाय प्रवासाचं तिकीट देऊ नये, असा आदेश काढला. लक्षणं, राहती जागा, रोग्याशी संपर्क, यांपैकी काही विचारायचंच नव्हतं. चेहरा पाहिला की झालं.

चायनाटाउनने दुकानं बंद ठेवून निषेध केला. लस म्हणजे विष आहे, अशा अफवा पसरल्या. या अफवांना अंधश्रद्धा म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण त्या लसीने ताप भरायचा, दंड सुजायचा, दोन दिवस काम बुडायचं, आणि ती टोचायला येणारी सरकारी यंत्रणा तीच होती जिने आधी वेणी कापली होती आणि आता दोर बांधला होता. ज्या सरकारकडून आजवर एकही औषध आलं नाही, त्याचं पहिलं औषध पोलिसासोबत आलं तर शहाणा माणूसही दार लावून घेईल. लोक आजारी माणसं लपवू लागले, प्रेतं एका घरातून दुसऱ्या घरात हलवू लागले. पुण्यातही तेच झालं होतं.

मग खटले झाले. वाँग वाय नावाच्या व्यापाऱ्याच्या अर्जावर न्यायाधीश विल्यम मॉरो यांनी २८ मे रोजी लस-दाखल्याचा हुकूम रद्द केला. हा हुकूम एका वंशाला उघडपणे लक्ष्य करतो आणि त्याला पुराव्याचा आधार नाही, असं त्यांनी लिहिलं. हाफकिनची लस रोगाच्या प्रदेशात जाणाऱ्यांसाठी होती. रोगाच्या प्रदेशातून निघणाऱ्यांना ती सक्तीने टोचण्यात वैद्यकाच्या दृष्टीनेही अर्थ नव्हता. दुसऱ्याच दिवशी आरोग्य मंडळाने ती वाकडी रेघ आखली. माणसांना शहरात अडवता येत नाही ना, मग वस्तीत अडवू. चिन्यांना उचलून बंदरातल्या बेटावरच्या गोदामांत हलवण्याचीही भाषा सुरू झाली. जू होच्या खटल्यात १५ जूनला मॉरो यांनी वेढाही बेकायदा ठरवला. त्यांचा एक मुद्दा कोणत्याही आरोग्याधिकाऱ्याने आजही वाचावा असा आहे. प्लेग खरोखर असेल, तर ज्या घरात रोगी आहे ते घर वेगळं करा. दहा हजार माणसांना एकत्र कोंडलं तर रोग त्यांच्यात पसरण्याची शक्यता तुम्हीच वाढवता.

गंमत नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की शहरात प्लेग आहे हे मॉरो यांना स्वतःला पटलेलं नव्हतं. निकालपत्रात त्यांनी तसं लिहिलंही आहे. किनयून वैद्यकात बरोबर आणि न्यायात चुकीचे, मॉरो न्यायात बरोबर आणि वैद्यकात चुकीचे. शास्त्राच्या बाजूने उभं राहिलं की न्याय आपोआप होतो, असं समजणाऱ्यांनी या दोघांना शेजारी ठेवून पाहावं.

निकालानंतर किनयून यांनी सगळ्यांना समान वागवायचं ठरवलं. दाखल्याशिवाय कॅलिफोर्निया सोडायचा नाही, मग माणूस कोणत्याही वंशाचा असो, असा हुकूम त्यांनी काढला. गोरे व्यापारी, रेल्वेवाले आणि राजकारणी वॉशिंग्टनला धावले आणि काही दिवसांतच राष्ट्राध्यक्षांनी तो मागे घेतला. तोच उपाय, तेच खातं, तोच रोग. आशियाई लोकांपुरता होता तोवर राष्ट्राध्यक्षांची संमती होती. गोऱ्यांना लागू होताच तो असह्य ठरला. रचनेत मुरलेला वंशभेद म्हणजे काय, हे समजायला मला या दोन हुकमांहून स्पष्ट उदाहरण सापडलेलं नाही.

यानंतरचा प्रकार अधिकच वाईट आहे. गव्हर्नर हेन्री गेज यांनी प्लेग मुळात नाहीच, अशी भूमिका घेतली, कारण प्लेगचं नाव निघालं की कॅलिफोर्नियाच्या फळांना बाजार मिळेना. किनयून यांनीच प्रेतांत जंतू टोचले असावेत, असा संशयही त्यांनी पसरवला. १९०१ मध्ये केंद्राने नेमलेल्या तीन शास्त्रज्ञांनी प्लेग असल्याचं सिद्ध केलं, पण अहवाल दाबण्याचा समझोता झाला. वर्तमानपत्रांनी तो फोडला. किनयून यांची बदली झाली. या वादात मरत होते ते बहुतेक चिनीच, म्हणून घाई कुणाला नव्हती. १९०४ पर्यंत सुमारे १२० रोगी झाले आणि जवळजवळ सगळे दगावले.

१९०६ च्या भूकंपाने आणि आगीने शहर उद्ध्वस्त झालं. पुढच्या वर्षी प्लेग परतला तेव्हा सुमारे १६० रोग्यांत बहुतेक गोरे होते. जुनी लाकडी वस्ती जळून नव्याने बांधलेलं चायनाटाउन जवळपास सुरक्षित राहिलं. या वेळी मोहिमेवर रूपर्ट ब्लू होते आणि तोपर्यंत पिसूचा सिद्धांत मान्य झाला होता. त्याचा निर्णायक पुरावा परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेतल्या कामातून आला होता. ब्लू यांनी उंदीर मारायला बक्षिसं लावली, शहरभरातून आणलेल्या उंदरांची तपासणी केली, तळघरं सिमेंटची करायला लावली. कोणत्याही वस्तीला दोर बांधला नाही. साथ दीड-दोन वर्षांत आटोपली आणि निम्म्याच्या आसपास रोगी वाचले. पण पहिली चार वर्षं वाया गेली होती. तेवढ्या वेळात जिवाणू शहराबाहेर पडून रानखारींमध्ये शिरला, आणि पश्चिम अमेरिकेच्या रानांत तो आजही आहे. दरवर्षी तिथे चार-दोन माणसांना प्लेग होतो.

आता दक्षिण आफ्रिका. १९०१ च्या फेब्रुवारीत केपटाउनमध्ये प्लेग आला. बोअर युद्ध चालू होतं. ब्रिटिश फौजेच्या घोड्यांसाठी अर्जेंटिनाहून येणाऱ्या चाऱ्याच्या जहाजांतून उंदीर उतरले आणि गोदीत काम करणाऱ्या आफ्रिकन मजुरांना आधी लागण झाली. वसाहतीच्या सरकारने सल्लागार म्हणून बोलावले ते प्रा. विल्यम सिम्पसन, म्हणजे कलकत्त्याचे पूर्वीचे आरोग्याधिकारी. हिंदुस्थानातली साथ-नियंत्रणाची विद्या अशी माणसांसोबत बंदराबंदरांतून हिंडत होती.

आफ्रिकन लोकांना शहराबाहेर वेगळं वसवावं, ही मागणी केपटाउनच्या गोऱ्यांमध्ये प्लेगआधीपासूनच होती. पण तसा कायदा नव्हता, आणि केप वसाहतीत काही आफ्रिकनांना मताधिकारही होता. प्लेगने अडचण सोडवली. १८८३ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातले आणीबाणीचे अधिकार वापरून मार्चमध्ये सहा ते सात हजार आफ्रिकन लोकांना सशस्त्र पहाऱ्यात शहरापासून काही मैलांवरच्या उइटफ्लुख्त इथे हलवलं. तिथे मैलापाण्यावरची सरकारी शेती होती. तिच्या शेजारी पत्र्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे या वस्तीचं नाव एन्डाबेनी पडलं.

रोग्यांत आफ्रिकन बहुसंख्य नव्हते. अर्ध्याच्या आसपास मिश्रवंशीय होते, गोरेही पुष्कळ होते. त्यांच्यापैकी ज्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेलं, ते मुदत संपल्यावर घरी परतले. सबंध समाज म्हणून उचलले गेले ते फक्त आफ्रिकन, आणि त्यांना परत येऊ दिलं नाही. प्लेग ओसरला तसा आरोग्य कायद्याचा आधारही संपायला हवा होता. म्हणून १९०२ मध्ये खास नवा कायदा करून ती वस्ती कायमची केली. कामाला शहरात यायचं तर रेल्वेचं भाडं मजुराच्या खिशातून. लोकांनी भाडं भरायला नकार दिला, सभा घेतल्या. त्या चळवळीतले आल्फ्रेड मांगेना पुढे वकील झाले. पोर्ट एलिझाबेथमध्येही प्लेगच्या निमित्ताने हेच घडलं आणि १९०३ मध्ये न्यू ब्रायटन ही वस्ती उभी राहिली.

जोहान्सबर्गची कहाणी आपल्या जवळची आहे, कारण तिथे कोंडले गेलेले आपले लोक होते. शहराच्या पश्चिम कडेला हिंदी लोकांची एक वस्ती होती, सरकारी कागदांत तिचं नावच ‘कुली लोकेशन’. तिथल्या जमिनी ९९ वर्षांच्या पट्ट्याने दिलेल्या होत्या. नगरपालिकेने रस्ते, दिवे, सफाई यांकडे कधी पाहिलं नाही. मग वस्ती आरोग्याला घातक आहे, असा अहवाल आला आणि १९०३ मध्ये नगरपालिकेने ती ताब्यात घेतली. जमीनमालकांचे भरपाईचे दावे लढवत होते मोहनदास गांधी. सुमारे ७० दावे त्यांनी चालवले आणि त्यांतला एकच हरला, असं त्यांनी आत्मकथेत नोंदवलं आहे.

यापुढची कडी नीट पाहण्यासारखी आहे. जमीन घेतली, पण लोकांना जायला दुसरी जागा दिली नाही. जुने मालक आता नगरपालिकेचे भाडेकरू झाले. पालिकेने आणखी भाडेकरू भरले आणि सफाई होती तीही ढिली पडली. फेब्रुवारी १९०४ मध्ये गांधींनी शहराचे आरोग्याधिकारी डॉ. पोर्टर यांना पत्रं लिहून इशारा दिला की ही दाटी आणि घाण अशीच राहिली तर साथ येईल. काही झालं नाही.

१८ मार्चला मदनजित व्यावहारिक यांची पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी गांधींना मिळाली. मदनजित ‘इंडियन ओपिनियन’चे वर्गणीदार मिळवायला वस्तीत गेले होते. जवळच्या सोन्याच्या खाणीतून २३ हिंदी मजूर फुप्फुसाच्या प्लेगने फणफणत परतले होते. मदनजितांनी एका रिकाम्या घराचं कुलूप तोडून सगळ्यांना तिथे ठेवलं. गांधी, डॉ. विल्यम गॉडफ्री आणि गांधींच्या कार्यालयातली तरुण मंडळी रात्रभर शुश्रूषेला बसली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने एक रिकामं गोदाम दिलं, ते साफ करण्याचं कामही या मंडळींनीच केलं. पालिकेने पाठवलेली परिचारिका प्लेगने गेली. २३ पैकी २१ रोगी दगावले.

फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून पसरतो आणि दोन-तीन दिवसांत माणूस संपवतो. तो शहरभर पसरला नाही याला जी कारणं असतील, त्यांत या पहिल्या रात्रीच्या माणसांचा वाटा आहे. नगरपालिकेने मात्र वेढा घातला, वस्ती रिकामी केली आणि एप्रिलमध्ये जाळून टाकली. लोकांनी जमिनीत पुरलेली रुप्या-तांब्याची नाणी उकरून काढली आणि गांधींच्या स्वाधीन केली. बँकेत भरलेली ती रक्कम ६० हजार पौंडांच्या घरात होती. घाणेरडे, कंगाल म्हणून ज्यांना हिणवलं जात होतं, त्यांची ही बचत.

गांधींच्या त्याच पत्रांतला एक भाग आपण सहसा वाचत नाही. हिंदी वस्तीत आफ्रिकन लोकांना भाडेकरू म्हणून ठेवू नका, अशी तक्रारही त्यांनी त्यात केली होती, आणि त्यात आफ्रिकनांबद्दल तुच्छता होती. पुढे त्यांची दृष्टी बदलत गेली, पण १९०४ मध्ये ती तशी होती. हे टाळून पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. वंशांची उतरंड सरकारने रचली की खालच्या पायरीवरचा माणूसही आपल्याखाली आणखी कोणीतरी आहे, यात दिलासा शोधतो. वरच्याला फार काही करावं लागत नाही.

उतरंडीचा परिणाम लगेच दिसला. जळलेल्या वस्तीतल्या लोकांना शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर क्लिपस्प्रूट इथे तंबूंत ठेवलं. तिथेही शेजारी मैलापाण्याची शेती होती. काही आठवड्यांनी हिंदी लोक शहराकडे परतू लागले. आफ्रिकनांसाठी मात्र क्लिपस्प्रूट हेच कायमचं ठिकाण ठरलं. पुढे त्याचं नाव पिमव्हिल झालं. पिमव्हिल हा आजच्या सोवेटोचा सगळ्यात जुना भाग आहे. आणि जाळलेल्या जागेवर नगरपालिकेने न्यूटाउन हा व्यापारी भाग वसवला. शहराच्या मध्याजवळची मोक्याची जमीन मोकळी झाली होती.

मला इथे थांबून विचारावंसं वाटतं की हा सगळा खटाटोप प्लेगसाठी किती आणि त्या जमिनीसाठी किती? दोन्ही कारणं एकत्र होती, हेच खरं उत्तर असावं. अधिकाऱ्यांना प्लेगची भीती खरोखर वाटत होती. पण भीती वाटली की कुणाला हलवायचं, कुणाचं घर जाळायचं, कुणाला भरपाई द्यायची, याची उत्तरं आधीच तयार होती. पिण्याचं पाणी, गटारं आणि घरं यांवर खर्च करण्याचा पर्याय टेबलावर होता. तो महाग होता आणि ज्यांच्यासाठी करायचा त्यांच्यातल्या बहुतेकांना मत नव्हतं.

या उपायांचं आयुष्य साथीपेक्षा फार मोठं असतं. १९२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने सगळ्या शहरांसाठी कायदा केला की आफ्रिकन लोकांनी वेगळ्या वस्त्यांतच राहायचं. एन्डाबेनी आणि क्लिपस्प्रूट हे त्याचे चाललेले नमुने होते. १९५० च्या वसाहत-वाटप कायद्याने ही विभागणी सगळ्या वंशांवर लादली. १९०१ मध्ये केपटाउनच्या ज्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून आफ्रिकनांना उचललं होतं, तो भाग १९६६ मध्ये गोऱ्यांचा म्हणून जाहीर झाला आणि उरलेली सुमारे ६० हजार माणसं पुढच्या वर्षांत हलवली गेली. तेव्हा प्लेगचं नावही कुणी घेत नव्हतं. अमेरिकेतही १९२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्तीत प्लेग निघाला. पुन्हा दोर, पुन्हा घरं पाडणं. तीसहून अधिक माणसं गेली आणि वस्ती मोडली.

आपल्याकडे मुंबईच्या प्लेगसाठी घाईघाईत केलेला १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये कोविडसाठी पुन्हा लागू झाला. त्यात सरकारला काय करता येईल ते सगळं आहे. लोकांना काय मिळायला हवं, याबद्दल एक ओळ नाही. आणि अमेरिकेत त्याच महिन्यात ‘टायटल ४२’ या नावाने ओळखला जाणारा आदेश निघाला. त्यामागचं कलम १९४४ च्या आरोग्य कायद्यातलं, आणि त्याचं मूळ १८९३ च्या क्वारंटीन कायद्यात. कोविड पसरू नये म्हणून मेक्सिकोच्या सीमेवर कागदपत्रांशिवाय आश्रय मागायला आलेल्यांना सुनावणी न करता परत पाठवायचं, असा तो आदेश होता. तेव्हा कोविड अमेरिकेच्या आतच हजारो माणसं मारत होता आणि वैध कागदपत्रं असलेले लाखो लोक तीच सीमा रोज ओलांडत होते. ११ मे २०२३ ला आदेश संपला, तोवर २८ लाखांच्या आसपास वेळा माणसांना परत धाडलं गेलं होतं. त्यांतल्या बहुतेकांची कोविडची साधी चाचणीही झाली नव्हती.